चुलीतला गत्ता

समजा, एका जुन्या डिझेल इंजिनाचे सगळे भाग खोलून तुमच्यापुढे मांडलेत. लोखंडाची दोन तोंडं एकमेकांवर बसवायची आहेत, मधून ना तेल झिरपलं पाहिजे ना धूर. इंजिनाची कंपनी कधीच बंद पडली, तयार पॅकिंग कुठे मिळत नाही. तुम्ही ते कशातून कापाल? तेलाच्या बाजूला जाड ऑइल पेपर चालतो. तो नसेल तर लग्नपत्रिकेचा पुठ्ठाही चालतो, फक्त तो गुळगुळीत नको, तेल पिणारा हवा. वरच्या झाकणाखाली बुचाची शीट. पण सायलेन्सरच्या तोंडाशी कागद जळतो, रबर वितळतं. तिथे काय घालाल?

बीबी गावच्या इंद्रभानने तिथे आयुष्यभर गत्ता घातला. अ‍ॅस्बेस्टॉसचा, पांढुरका, आगीला दाद न देणारा. त्याचा ताव लोखंडाच्या तोंडावर धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलकं ठोकत जायचं. कड आपोआप कापली जाते. मग भोकांवर जोरात फुंकर मारायची. भुसा उडून सदऱ्यावर बसायचा. मेहकरकडचे लोकही ट्रॅक्टरवर इंजिन घालून त्याच्याकडे आणायचे, कारण इंद्रभानची पॅकिंग गळत नाही.

उरलेले तुकडे त्याच्या घरी वाया जात नसत. त्याची बायको महामाया ते बादलीत भिजत घालायची, लगदा झाला की मातीत मळायची आणि त्या मातीची चूल घालायची. तशी चूल तडकत नाही, आच धरून ठेवते. गल्लीतल्या बाया घमेली घेऊन तुकडे मागायला यायच्या. दोन घरं सोडून राहणाऱ्या अन्नपूर्णाबाई बाजारातल्या खानावळीला भाकरी करून द्यायच्या. त्यांची चूल महामायाने स्वतःच्या हाताने घातली होती आणि दरवर्षी तीच ती लिपायची.

आता महामाया भिंतीला टेकून बसलेली असते. आडवं झालं की तिचा श्वास कोंडतो. फुप्फुसाच्या आवरणात पाणी होतं. काढलं की पुन्हा भरतं. दिवाळीच्या आधी संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात त्या आवरणाचा तुकडा काढून तपासला. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं आणि विचारलं, "घरात कोणी अ‍ॅस्बेस्टॉसचं काम करतं का?"

"मी करतो साहेब. पण मले तं काहीच नाही."

"तुमचे कपडे कोण धुतं?"

महामाया ते आधी अंगणात झटकायची आणि मग धुवायची. इंद्रभानने ते सांगितलं. मग त्याने चुलीचंही सांगितलं.  डॉक्टर म्हणाले, हा रोग गत्त्याच्या धुळीतून होतो; तिच्या छातीत ते कशातून गेलं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण ती चूल कोरडी फोडू नका. पूर्ण भिजवून काढा, पोत्यात बांधा.

घरची चूल त्याने तशी काढली. लेक समता सासरहून आईजवळ येऊन राहिली होती. तिने विचारलं, "बाबा, अन्नपूर्णामावशीले सांगतलं काय?"

"सांगतो."

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी तुमच्या घरात विष दिलं, असं? तो दुकानात जाताना बाजाराकडून वळसा घालू लागला. अन्नपूर्णाबाईंच्या घरातला भाकरी थापल्याचा आवाज त्या वाटेवर येत नसे.

संक्रांत झाली आणि अन्नपूर्णाबाई स्वतःच आल्या. महामायाची तब्येत पाहायला, आणि काखेत घमेलं.

"भाऊ, गत्ता हाय काय थोडा? आमची चूल मधातून चिरली."

"नाही."

"अवं, दुकानात ताव पडेल दिसतात न! का आता शेजारणीले बी तोलून देणार?" त्या हसल्या.

महामाया भिंतीशी धापा टाकत म्हणाली, "सांगा... नाही तं मी सांगतो."

मग त्याने सांगितलं. खाली मान घालून, जमिनीकडे बघत. अन्नपूर्णाबाईंनी घमेलं खाली ठेवलं.

"तुमाले कधी समजलं?"

"दिवाळीच्या आंधी."

"आन् आता संक्रांत झाली." त्यांचा आवाज चढला नाही. "थंडीभर मी नातीले मांडीवर घेऊन त्याच चुलीपुढं बसली, भाऊ. तुमी दारावरून बी नाही गेले. मले वाटलं, बायकोच्या दुखण्यानं माणूस खचला."

त्यांनी महामायाकडे बोट केलं.

"येवढंच सांगा. हिले चुलीतून झालं, का तुमच्या कपड्यातून?"

"डॉक्टरले बी सांगता येत नाही."

त्या घमेलं तिथेच टाकून गेल्या. थोड्या वेळाने इंद्रभान बादली आणि पोतं घेऊन त्यांच्या दारात गेला. त्यांनी त्याला आत घेतलं नाही. "कसं काढायचं ते सांगून द्या आन् जा," म्हणाल्या. त्याने उंबऱ्याबाहेरून सांगितलं. आतून चुलीवर पाणी ओतल्याचा आवाज आला.

कपड्यांतून गेलं असेल, तर बायकोला त्याने स्वतःच मारलं. तरी तेच खरं निघावं असं त्याला वाटतं. म्हणजे अन्नपूर्णाबाईंच्या नातीची छाती तरी कोरी असेल. रोज सायलेन्सरच्या तोंडाशी पोचला की त्याचा हात गत्त्याकडे जातो आणि मागे येतो. मग गत्त्याऐवजी तांब्याचा पत्रा घेतो आणि मऊ पडावा म्हणून त्याला तापवत बसतो. तो लाल होईपर्यंत डोक्यात एकच घोळत राहतं: कपड्यांतूनच गेलं असेल ना?