आत्या बारशाला का आली नाही

माझ्या बारशाला आत्या आली नव्हती. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की ती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं मला वाटायचं. एकाहत्तरचं युद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात मुंबईत माझा जन्म झाला. बारशाच्या दिवशी खिडक्यांच्या काचांवरचे काळे कागद अजून काढलेले नव्हते. पाळणा बांधला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, आणि बाळाच्या कानात नाव सांगायला आत्याच नव्हती. शेवटी शेजारच्या बाईंनी ते काम उरकलं. तार करूनही सख्खी नणंद आली नाही, हे आईनं शेवटपर्यंत मनात ठेवलं. तिनं बोलणं कधी तोडलं नाही. पण पुढं वडिलांची बदली नाशिकला झाली आणि आत्याचं येणंजाणं वाढलं, तेव्हा आत्या आली की आई चहा ठेवायला म्हणून आत जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही.

कॉलेजातली नोकरी मी मुदतीआधीच सोडली आणि कादंबरी लिहायला बसले. बसले म्हणणं खरं तर चूक आहे. मी फारशी बसत नसे. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये टेबलापासून गॅलरीपर्यंत चौदा पावलं होती आणि मी ती दिवसभर मोजत असे. एक परिच्छेद झाला की चहा, चहा झाला की खाली भाजी, भाजी आणली की आता जेवूनच बसू. तिसरा खर्डा चालू होता. कादंबरी होती एका तोफखान्यातल्या जवानाच्या बायकोची, गोदाकाठच्या गावातली, त्याच युद्धाच्या दिवसांतली. वाचनालयात जाऊन मी जुन्या वर्तमानपत्रांचं बाड चाळलं होतं. कुठल्या दिवशी कुठल्या आघाडीवर काय झालं, ते मला पाठ होतं. नायिका मात्र पुठ्ठ्याची होती. ती चूल पेटवायची, रेडिओ ऐकायची, दाराकडे बघायची, आणि मला तिचा कंटाळा यायचा.

पुण्याचे माझे प्रकाशक फोनवर म्हणाले, "युद्ध अजून त्या बाईच्या घरात आलेलंच नाही. गावाबाहेर उभं आहे."

मग मी युद्ध घरात आणलं. नवव्या प्रकरणात, विजयाची बातमी येते त्याच दिवशी, नवरा गेल्याची तार तिच्या हातात दिली. बाहेर पेढे वाटतात, आत ती तार फोडते आणि किंचाळते. लिहून झाल्यावर दोन दिवस मला फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी वाचलं तर सगळं नाटकी वाटायला लागलं. नेमकं काय खटकतंय ते कळेना. जेवणात लक्ष लागेना, फोनवर कोणाशी नीट बोलता येईना. अखेर कागद पिशवीत टाकले आणि सायखेड्याला आत्याकडे निघाले.

आत्याचे यजमान तोफखान्यातच होते. देवळालीला शिकून मग पंजाबच्या बाजूला कुठंतरी. युद्धातून ते धडधाकट परत आले, पेन्शनवर आले, शेती केली आणि काही वर्षांपूर्वी म्हातारपणानं गेले. म्हणजे कादंबरीतल्या तारेशी आत्याचा तसा संबंध नव्हता. मला फक्त बारीकसारीक गोष्टी तपासून घ्यायच्या होत्या. तार कोण आणायचं, सही घ्यायचे की अंगठा, आणि रेडिओ गावात कोणाकडे होता.

चांदोरीवरून पूल ओलांडून पोचले तेव्हा अकरा वाजले असतील. द्राक्षाचे दिवस होते, घरातली सगळी बागेत होती. आत्या एकटीच पडवीत ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. पंचाहत्तरीची बाई, पण हात माझ्यापेक्षा झरझर चालतात. तिला वाचता येत नाही. मी तिच्यासमोर चटईवर बसून नववं प्रकरण वाचायला लागले.

तारेच्या जागी आले तसे तिचे हात थांबले.

"उघडणार नाय ती," आत्या म्हणाली.

"कोण?"

"तुझी बाई. ती तार अशी लगेच उघडायची नाय."

"का नाही उघडणार? नवरा लढाईवर आहे. जिवाची घालमेल होणार नाही का तिच्या?"

"व्हईल ना. म्हणून तर नाय उघडणार." तिनं घाट्यांचं सूप बाजूला सारलं. "लढाई चालू असली आन जवानाच्या घरी तार आली, तर त्यात काय असणार? उघडली की बांगड्या फोडायच्या. नाय उघडली तर नाय फोडायच्या."

मी कागद खाली ठेवले. तिच्या आवाजात असं काही होतं की हे ती कादंबरीबद्दल बोलत नाही, हे मला कळलं. "आत्या, तुला तार आली होती?"

"आली व्हती."

मग तिनं सांगितलं. तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. त्या वर्षात नवरा दोनदा रजेवर आला, दोन्ही मिळून चाळीसेक दिवस. युद्ध सुरू झाल्यावर एका दुपारी निफाडहून तारवाला सायकलवर आला. सासरे शेतात होते, सासू नदीवर. तिनं अंगठा दिला. तारवाल्यानं विचारलं, "वाचायला कोणी हाय का घरात?" ती हो म्हणाली. तो गेला. त्या दिवसांत ती एक गोधडी शिवत होती. तार तिनं पाकिटासकट गोधडीच्या दोन थरांमध्ये सरकवली आणि चारी बाजूंनी टाके घालून टाकले.

"कोणालाच सांगितलं नाहीस?"

"कोणाला सांगू? सासऱ्याला सांगितलं असतं तर त्यांनी तवाच गुरुजींकडं नेली असती."

"मग काय केलंस?"

"कांदे लावले," आत्या म्हणाली. "लागवड चालू व्हती. वाफ्यात वाकून दिवसभर रोपं लावायची. एक सांगू? तिसऱ्या दिवशी मला त्यांचा चेहराच आठवंना. मिशा आठवायच्या, टोपी आठवायची, चेहरा नाय. मी म्हणलं, ज्याच्यासाठी रडायचं त्याचं तोंड बी ध्यानात नाय, कसली बायको मी. ते लय लागलं मला. ते गेले असतील याच्यापेक्षा ते जास्त लागलं."

ती कुंकू मोठं लावायला लागली. सासूच्या ते लक्षात आलं आणि सासू कौतुकानं शेजारणींना सांगायची. पुढं युद्ध संपलं. गावात रेडिओ एकाच दुकानात होता. तिथं गर्दी झाली, पोरं ढोल घेऊन नाचली. मग चार-सहा दिवसांनी ग्रामपंचायतीसमोर सभा भरवली. गावातून लष्करात गेलेल्यांच्या घरच्यांचा मान करायचा ठरलं. आत्याला पुढं बोलावलं, आणि सरपंचांच्या बायकोनं तिची खणानारळानं ओटी भरली.

"पदर पसरून उभी व्हते," आत्या म्हणाली, "आन मनात हेच, की आपण फसवतोय हिला. ही सवाष्ण म्हणून ओटी भरती आन आपण घरी गोधडीत तार शिवून आलोय. नारळ पदरासकट छातीशी घट्ट धरला. लोकं म्हणली, आनंद झालाय तिला."

ओटी घरी ठेवून ती तशीच आत गेली, टाके उसवले, तार काढली आणि शाळेच्या गुरुजींकडे गेली. शाळा सुटत होती. गुरुजींनी चष्मा लावून वाचलं. इंग्रजीत होतं. ते हसले आणि म्हणाले, "बाई, मुंबईची आहे. भावानं केलीय. मुलगी झाली, दोघी सुखरूप, बारशाला ये."

ती मुलगी मी होते, हे समजायलाही मला क्षणभर वेळ लागला.

"मी तीनदा वाचायला लावली त्यांना. मग तिथंच पायरीवर बसले. गुरुजींच्या बायकोनं पाणी आणून दिलं. बारसं तवा व्हऊन गेलेलं. तुझ्या बापानं मागनं पोस्टकार्ड बी टाकलं व्हतं, ते त्याच्या दोन दिवसांनी पोचलं. त्या दिवसांत टपाल कुठं वेळेवर येतंय."

"मग तेव्हाच कळवायचंस ना. आई आयुष्यभर म्हणत राहिली की नणंद रुसली."

"काय कळवू? तुझ्या पोरीच्या जन्माची तार मी नवरा मेल्याची म्हणून पंधरा दिस शिवून ठेवली? बाळंतिणीला असं कळवतात का? अपशकुन म्हणली असती. आन सासरी कळलं असतं ते येगळंच. त्यापरीस रुसली म्हणलेलं बरं." सूप परत पुढं ओढत ती म्हणाली, "एकदा सांगायला आले व्हते. तू शाळेत जायची तवा. तुझी आई आत गेली ती बाहेरच आली नाय. मंग राहूनच गेलं."

परत येताना मी गाडी दोनदा रस्त्याच्या कडेला थांबवली. काही करायचं नव्हतं, नुसतंच थांबवली. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. आता हे कोणाला सांगायचं? आणि दुसरीकडे, मला लाज वाटत होती ती गोष्ट अशी, की मनात आधीच वाक्यं जुळायला लागली होती. आत्याच्या पदरातल्या नारळावर मी एक परिच्छेद चांदोरी सोडायच्या आत रचून टाकला होता.

वडील माझ्याजवळच राहतात. त्यांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, त्यामुळे ओटीचं, गोधडीचं सगळं मोठ्यानं ओरडून सांगावं लागलं, आणि अशी गोष्ट ओरडून सांगणं किती विचित्र वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. ऐकून ते वर्तमानपत्राची घडी घालत राहिले, परत उघडत राहिले. संध्याकाळी म्हणाले, "सायखेड्याला कधी जायचं?"

रविवारी गेलो. आत्या दारात आली. वडील खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि एकदम म्हणाले, "चूक माझी. मी तार इंग्रजीत केली."

"मराठीत असती तरी मला कुठं वाचता येत व्हती, भाऊ?" आत्या त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली.

"तरी. लढाईच्या दिवसांत जवानाच्या घरी तार करू नये, एवढं कळायला हवं होतं मला. पोरगी झाली या आनंदात मी सरळ तार ऑफिसात गेलो. तिथं लांब रांग होती. पुढच्या-मागच्या लोकांचे चेहरे कसे होते तेसुद्धा मी बघितलं नाही."

आत्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघंही रडली नाहीत. आईचा विषय निघाला तेव्हा वडील म्हणाले, "तिला कळलं असतं तर ती आधी तुझ्यावर चिडली असती आणि मग उठून इथं आली असती." आत्या म्हणाली, "आली असती." मग बराच वेळ ती दोघं आत्याच्या सासऱ्यांच्या बैलजोडीबद्दल बोलत बसली. माझं तिथं काही काम नव्हतं. मी बागेपर्यंत चालत गेले आणि परत आले, परत गेले.

निघताना मी आत्याला विचारलं, "मी हे कादंबरीत घेऊ का?"

"घे की. पण तुझ्या बाईच्या नवऱ्याला मारू नको."

"का? गोष्टीत तो गेला तर..."

"गोष्टीला बरं पडतं म्हणून मारायचं व्हय त्याला?"

ते मला चांगलंच लागलं. नववं प्रकरण मी फाडलं. विजयाचा दिवस आणि तार एकाच पानावर आणायची हौस होती, ती सोडली. नवी नायिका कांदे लावत राहिली, तार गोधडीतच राहिली, आणि युद्ध संपल्यावरही तिचं युद्ध काही दिवस चालू राहिलं. प्रकाशकांना वाटलं, शेवट फिका झाला. त्यांचं म्हणणं होतं की वाचक वाट बघतो ती तार अखेर साध्या बातमीची निघते, मग एवढ्या मोठ्या युद्धाचं काय झालं? मी त्यांना एवढंच म्हणाले की त्या बाईच्या घरात ते तेवढंच आलं होतं, आणि ते पुरेसं होतं. पुस्तक त्यांनी छापलं.

आत्याच्या नातसुनेनं ते तिला आठ दिवस रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. संपल्यावर आत्याचा फोन आला.

"चांगलं लिवलंय," ती म्हणाली. "पण तुझी बाई लय विचार करती. रोप लावता लावता एवढा विचार केला तर वाफा कधी व्हायचा?"

मी हसले. फोन ठेवला. वडील आत झोपले होते. टेबलावर पुढच्या कामाचे कोरे कागद होते आणि मी त्यांच्याकडे न जाता गॅलरीत गेले, तिथून स्वयंपाकघरात, तिथून परत गॅलरीत. आईच्या कपाटातल्या साड्या चार वर्षं मी कोणाला दिल्या नव्हत्या. त्या दुपारी सगळ्या बाहेर काढल्या. एक निवडली, हिरव्या काठांची, आईनं फक्त दोनदा नेसलेली. आत्याला ती आवडेल की नाही याची मला खात्री नव्हती. आईला हे आवडलं असतं का, याची तर अजिबातच नव्हती. तरी साडी पिशवीत घातली, वडिलांना उठवलं आणि म्हटलं, "चला, जाऊन येऊ."