मेट्रनबाईंचे दहा सेकंद

मेट्रनबाई माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. त्यांची वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घ्यायला मी लखनौच्या जानकीपुरमला गेले, तेव्हा माझं नाव, गाव, नोकरी हे सगळं त्यांनी माझ्या बोटांकडे बघतच विचारलं. मला वाटलं, नखं वाढली आहेत म्हणून बघताहेत. पुढे ओळख झाल्यावर एकदा विचारलंच. म्हणाल्या, "तोंड सगळ्यांना सांभाळता येतं गं. हात विसरतात."

त्या मूळच्या भुसावळच्या. यजमान रेल्वेत, त्यांच्या बदलीबरोबर लखनौला आल्या आणि ते गेल्यावरही परत गेल्या नाहीत. तीस वर्षं एका इस्पितळात बायकांच्या वॉर्डात काढली, शेवटची काही मेट्रन म्हणून. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी गल्लीत त्या 'मेट्रनजी'च. कुणाला इंजेक्शन द्यायचंय, कुणाची सून दिवसभर उलट्या करतेय, लोक आधी यांचं फाटक वाजवत. कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. एक प्रश्न विचारायच्या आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प बसून राहायच्या. समोरचा चुळबुळायला लागला तरी हलायच्या नाहीत. "घाई करणाऱ्याच्या वाट्याला खोटं येतं," असं म्हणायच्या.

त्या हिवाळ्यात माझं लग्न ठरलं होतं. निखिलचं घराणं दोन पिढ्यांपासून लखनौमध्ये, घर सरोजिनी नगरला. तो इंजिनिअर, दिसायला उजवा, बोलण्यात तर असा की भाजीवालाही त्याला जुना मित्र समजायचा. दर रविवारी दुपारी तो यायचा. वरच्या खोलीत पुरुष यायचा नाही हा मेट्रनबाईंचा नियम, म्हणून आम्ही तिघं खाली त्यांच्या बैठकीत बसायचो. त्यांच्यासाठी तो तिळगुळाची गजक आणायचा. "अच्छा, ठेव तिथे," एवढंच त्या म्हणायच्या. सांगलीहून आईचा फोन आला की मी सांगायची, बाई जरा तुसड्या आहेत.

तो सिनेमा निखिलनेच आणला. म्हणजे आपल्या खात्यातून त्यांच्या टीव्हीवर लावला. प्रेमाची विनोदी गोष्ट होती, लग्नघर, गोंधळ, नाचगाणी. पण त्यातली गंमत वेगळीच होती. दर काही मिनिटांनी चित्र मंदावायचं, खाली दोन चौकटी यायच्या आणि नायिकेने काय करायचं ते बघणाऱ्याने ठरवायचं. ठरवायला दहा सेकंद. खाली एक पांढरी रेघ दोन्ही बाजूंनी आखडत यायची. जे निवडाल त्याप्रमाणे गोष्ट पुढे जाणार.

मेट्रनबाई चष्मा लावून पुढे सरकून बसल्या. रिमोट माझ्या हातात होता. पहिल्या दोन-तीन वेळा मजा आली. मग नायक नायिकेला लाडाने म्हणाला, "तुझा फोन दाखव ना." खाली चौकटी आल्या: 'दाखव' आणि 'दाखवू नकोस'. मी दुसरी चौकट दाबायला गेले. निखिलने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि 'दाखव' दाबलं.

"अगं, नाहीतर स्टोरी पुढे कशी जाणार, यार?" तो हसला. मीही हसले. पुढच्या वेळी पुन्हा तसंच झालं. त्याच्या पुढच्या वेळी मी आपणहूनच रिमोट मधे ठेवला.

"रिमोट तिच्याकडे होता," मेट्रनबाई म्हणाल्या.

"मेट्रनबाई, पिक्चर आहे हा. चुकलं तर मागे जायचं, दुसरं दाबायचं. सिंपल."

"अच्छा," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, टीव्हीकडे बघतच म्हणाल्या, "वॉर्डात मागे जाता येत नसे."

सिनेमा अर्थातच गोडीगुलाबीत संपला. निखिल गेला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून परतले तर खालून सिनेमातली तीच सनई ऐकू आली. मंगळवारी तीच. बुधवारी तीच. निखिलने आपलं खातं त्यांच्या टीव्हीवर तसंच उघडं सोडलं होतं आणि त्या एकट्याच बसून तो पुन्हा पुन्हा लावत होत्या. मी जिना चढायची, तेवढ्यात आवाज थांबायचा. शांतता. मग पुन्हा सनई. त्या दहा सेकंदांत माझं पाऊल पायरीवर का थबकायचं, ते मला सांगता आलं नसतं. धुक्याचे दिवस, लवकर अंधारायचं, आणि खाली दार लावून एक म्हातारी बाई तेच लग्न परत परत लावते आहे, या कल्पनेने मला चक्क भीती वाटायला लागली होती.

गुरुवारी त्यांनी मला खाली बोलावलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी सगळ्या वाटा काढल्या होत्या, वंशावळ काढतात तशा.

"सगळ्या वाटा हिंडले," त्या म्हणाल्या. "सात शेवट आहेत. सातही लग्नाचे. ती घरी गेली, पोटभर जेवली आणि एकटी झोपली, अशी एकही वाट नाही."

"अहो, विनोदी सिनेमा आहे तो."

"असू दे. आता हे बघ." त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. चित्र मंदावलं, चौकटी आल्या, रेघ आखडत आखडत संपली. सिनेमाने स्वतःच 'दाखव' निवडलं आणि पुढे गेला. त्यांनी मला असं चार ठिकाणी दाखवलं. चारही ठिकाणी तसंच.

"आपण काहीच दाबलं नाही, तर हा 'हो' धरतो. एकदाही 'नाही' धरत नाही. गप्प बसलेल्या बाईचं उत्तर 'हो'च असतं, असं ज्याने हा बनवला त्याला वाटतं. सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटायचं."

मग त्यांनी मला अकरा नंबरच्या खाटेची गोष्ट सांगितली. तिशीच्या आतली बाई होती. तीन वेळा वॉर्डात आली, कधी मनगट, कधी बरगडी. दर वेळी नवरा बरोबर, पाणी पाजणारा, उशी सारखी करणारा. कशानं लागलं, असं मेट्रनबाईंनी विचारलं की तो सांगायचा, जिन्यावरून पडली. ती गप्प. कागदावर तेच लिहिलं जायचं. "मी माझ्या हाताने लिहिलं," त्या म्हणाल्या. "चौथ्यांदा आली ती बोलण्याच्या पलीकडे गेलेली. नंतर मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. तळमजल्याचं घर होतं, अनघा. जिनाच नव्हता."

मी उठले. "निखिल तसा नाही," म्हणाले. आवाज चढला होता माझा.

"नसेल. देव करो आणि नसो."

त्यानंतर दोन आठवडे मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पण त्या दोन आठवड्यांत निखिलने माझ्या फोनवर मी कुठे आहे ते त्याला दिसेल अशी सोय करून घेतली. काळजी वाटते म्हणाला. एकदा ऑफिसच्या फाटकाशी न सांगता उभा राहिला आणि बरोबरच्या सहकाऱ्याचं नाव, गाव, लग्न झालंय का, हे हसत हसत विचारून घेतलं. प्रत्येक वेळी मी काहीतरी बोलणार असायची. प्रत्येक वेळी वेळ निघून जायची.

मग एका शनिवारी सकाळी आम्ही तेलीबागला फर्निचर बघायला गेलो. एक कपाट त्याला पसंत पडलं, मला नाही. मी दुकानदाराला म्हटलं, "भैया, दूसरा दिखाइए." दुकानदाराच्या टेबलाखाली निखिलने माझं मनगट धरलं. चेहऱ्यावर तेच हसू. दुकानदाराशी पॉलिशबद्दल बोलत होता आणि इकडे आवळत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तसा दुकानदाराने विचारलं, "मैडम, तबीयत ठीक है?" निखिल म्हणाला, "धूल से एलर्जी है इनको."

कपाट तेच ठरलं.

मी कपडे बदलून यावं म्हणून मला फाटकाशी सोडून तो गाडी वळवून आणायला गेला. मेट्रनबाई गच्चीवर वाळत घातलेले कपडे घेऊन उतरत होत्या. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. चार बोटं आणि अंगठा, स्पष्ट उमटले होते. 'मी सांगितलं होतं' असं त्या तेव्हाही म्हणाल्या नाहीत आणि पुढे कधीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त कपडे खुर्चीवर टाकले आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

निखिल आला. "अनघा, चल. मम्मी जेवायला थांबलीय."

मी गप्प.

"तिला विचारलंस का, यायचंय का?" मेट्रनबाई म्हणाल्या.

"ती नाही कुठे म्हणतेय?"

मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता या माझ्या वतीने बोलतील, त्याला हाकलून देतील. त्या काहीच बोलल्या नाहीत. गप्प उभ्या राहिल्या, वॉर्डात राहत असतील तशा. किती वेळ गेला कोण जाणे. दहा सेकंद नक्कीच उलटून गेले. त्या थांबून राहिल्या.

"नाही," मी म्हटलं. "मला यायचं नाही. कधीच."

त्याचं हसू तसंच होतं. त्याने मेट्रनबाईंच्या घराकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. "ठीक है," म्हणाला. "देख लेंगे."

आई-बाबांना फोनही मेट्रनबाईंनी मलाच करायला लावला. "मी बोलणार नाही, मी इथे बसते," म्हणाल्या. बाबा आधी "एवढ्याशा गोष्टीवरून?" म्हणाले आणि मग, "परत सांग, पहिल्यापासून," म्हणाले. पुढचे दोन महिने मेट्रनबाई रोज सकाळी माझ्याबरोबर शेअर टेंपोत बसून ऑफिसपर्यंत यायच्या आणि संध्याकाळी ऑफिसच्या फाटकाशी शाल लपेटून उभ्या असायच्या. रस्त्यापलीकडे तो कितीदा तरी दिसायचा, गाडीला टेकून. कधी काही बोलला नाही. मेट्रनबाई त्याच्याकडे बघायच्या आणि मला म्हणायच्या, "चालत राहा."

मी बदली मागून नागपूरला गेले. वर्षभरातच मेट्रनबाईंचा फोन आला की निखिलचं लग्न ठरलंय. मुलगी लखनौमध्येच वाढलेली, मराठी घरातली. त्या तिच्या घरी जाऊन आल्या होत्या. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार दाखवलं. निघताना पाणी द्यायला मुलगी आली, तेव्हा यांनी 'मेट्रनजी' आणि आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी तिच्या हातात सरकवली. "आप जाइए, प्लीज़," एवढंच ती म्हणाली.

"फेकली का हो तिने चिठ्ठी?" मी विचारलं.

"नाही. मुठीत धरली."

लग्न झालं. मेट्रनबाई फोन उशाशी ठेवून झोपायच्या, आंघोळीला जाताना दाराबाहेर स्टुलावर ठेवायच्या. त्या मुलीचा फोन आला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात त्या छातीच्या दुखण्याने गेल्या, दोन दिवसांत. मी पोचले तेव्हा भुसावळहून आलेला त्यांचा भाचा घर आवरत होता. काय हवं ते घ्या, म्हणाला. मी त्यांचा फोन मागितला. त्याला वाटलं, आठवण म्हणून मागतेय. मी त्यालाच बरोबर घेऊन दुकानात गेले आणि तो नंबर माझ्या नावावर करून घेतला.

पुढे माझं लग्न झालं; माझा नवरा त्या जुन्या फोनला हसत नाही. तो चार्जिंगला आहे ना, हे कधी कधी तोच बघतो. सुरुवातीला जानकीपुरमचे लोक फोन करायचे, इंजेक्शनसाठी. त्यांना मी सांगायची, मेट्रनजी गेल्या. हळूहळू ते थांबले. नंतर कित्येक महिने तो वाजलाच नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी साडेअकराला तो वाजला. मी घरूनच काम करत होते. पलीकडे आधी नळाचा आवाज आला, कुणीतरी पाणी सोडून ठेवलं होतं. मग अगदी हलका आवाज.

"मेट्रनजी हैं क्या?"

मी लॅपटॉप मिटला.

"हो," मी म्हटलं. "आहे मी. सावकाश बोल."