साठ वारांवरचं धुराडं

"दस्तखत करा," साहेब तिसऱ्यांदा म्हणाले. मी टाक खाली ठेवला.

निजामाच्या पैमाईश खात्यात मी सर्व्हेअर होतो. चौसाळ्याजवळ विमानं उतरायला मैदान आखलं होतं. तिथून मैलभर अंतरावर, विमानांच्या वाटेच्या कडेला, देशमुखांना जिनिंगचं उंच धुराडं बांधायचं होतं. वाट मोकळी राहते, असा माझा दाखला त्यांना हवा होता.

"धुराडं रेघेपासून साठ वार लांब हाय," देशमुख म्हणाले. "मग कावून अडवता?"

रेघ म्हणजे विमानांच्या वाटेची, नकाशावरची. ढग खाली आले की पायलटला जमीन दिसत नाही. मैदानावरचा वायरलेसवाला त्याला बेअरिंग देतो, म्हणजे कोणत्या दिशेनं यायचं ते सांगतो. त्यात तीन डिग्रीची चूक गृहीत धरावी लागते. मैलभर अंतरावर तीन डिग्री म्हणजे नव्वद वार, तेही दोन्ही अंगांना. साठ वारांवरचं धुराडं त्यात आलंच.

"तीन डिग्री म्हणजे चिमूटभर!" साहेब हसले. "नोकरी नकोशी झाली का?"

नोकरी हवी होती. घरात खाणारी सहा तोंडं होती. पण त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. माझ्या सहीवर कुणी मरणार असेल, तर ती सही मी करणार नव्हतो.

दोघांना मैदानात नेलं. दोनशे पावलांची सरळ रेघ चुन्यानं आखली. अर्ध्या वाटेवर, रेघेपासून चार पावलं सोडून, काठी रोवली. देशमुखांना एका टोकाला उभं करून डोळ्यांवर त्यांचाच रुमाल बांधला. मी दुसऱ्या टोकाला गेलो.

"मी हाका मारतो. आवाजाकडं सरळ या."

"हे तर लई सोपं हाय," म्हणत ते ताठ निघाले. अर्ध्या वाटेवर त्यांचा खांदा काठीवर आदळला.

रुमाल ओढून ते ओरडले, "आवाजाकडंच येत हुतो की मी!"

"पायलटही हेच म्हणाला असता," मी म्हणालो. "म्हणायला उरला असता तर."

देशमुख खांदा चोळत काठीपासून रेघेपर्यंतची पावलं मोजू लागले. साहेबांना मात्र हा माझा उद्धटपणा वाटला. महिन्याभरात धुराड्याची जागा वाटेपासून लांब, ओढ्यापलीकडं गेली आणि मी बदलीवर दिंद्रुडला.

तिथं शेतांच्या हद्दी मोजायचं काम होतं. बांध वीतभर सरकला तर लोक कुऱ्हाडी काढत. चुकीला चिमूटभर म्हणणारा तिथं मला एकही भेटला नाही.