रामलक्ष्मण चंद्रावर उतरले तो दसरा

चंद्रावर माणूस उतरला त्या सकाळी मी अमेरिकेचा गहू निवडत बसले होते. तेव्हा रेशनवर तो लाल गहू यायचा, तिथनं जहाजात बसून. त्याची पोळी अशी व्हायची की भांडणात फेकून मारली असती तर खोक पडली असती. रेडिओवरचा माणूस नुसता आनंदानं फुटत होता. ते दोघं उतरले, चालले आणि आता तिथले दगड वेचताहेत म्हणे. मी सूप खाली ठेवलं.

"बघा अत्ते," म्हटलं, "आपल्या गव्हातले खडे काढायला यांना वेळ नव्हता, आणि चंद्रावरचे खडे वेचायला एवढ्या लांब गेले!"

अत्ते म्हणजे माझ्या सासूबाई. आमची घराणी शिवाजीमहाराजांच्या वडिलांच्या काळापासून इकडची, बेंगळुरातली. घरात मराठी बोलतो, पण सासूला अत्ते म्हणतो, थोरल्या जावेला अक्का म्हणतो, आणि थोडं हवं असेल तर स्वल्प मागतो. अत्ते वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गणेशचतुर्थीला चंद्र नुसता दिसला तरी चोरीचा आळ येतो. हे तर जाऊन माती उचलून आणताहेत. आळ कसला, उघड चोरीच ती."

मला त्या चंद्रावरच्या माणसांचा हेवा वाटला नाही. माणसाला हेवा ओळखीच्याचाच वाटतो. त्याआधी रशियाची एक बाई आभाळात जाऊन आली होती, तिचा मात्र थोडा वाटला होता. उंचीचा नाही हो. वर होती तेवढे दिवस तिला कुणी "पानं घेतली का" असं विचारलं नसेल, त्याचा. पण माझा खरा हेवा आमच्या बसवनगुडीतनं निघून, मार्केटला बस बदलून, गावाबाहेर जिथं पोचायचा तिथं राहायची माझी धाकटी जाऊ.

आता हे नीट सांगायला हवं. स्वातंत्र्य आलं आणि दिल्लीच्या सरकारला आमचं बेंगळूर फार आवडलं. इथली हवा थंड, यंत्रांना मानवते, असं ठरलं. मग काय, कारखान्यांवर कारखाने. आमचे हे राज्य सरकारच्या कचेरीत कारकून आणि भावजी दिल्लीच्या कारखान्यात इंजिनियर. सख्खे भाऊ, एकाच ताटात जेवलेले, पण एकाला सरकार सावत्र आणि एकाला सख्खं. भावजींना क्वार्टर, क्वार्टरला नळ, नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी. न्यायला-आणायला कारखान्याची बस. कँटीनमध्ये स्वस्तात जेवण, दिवाळीला बोनस. आमच्या ह्यांना काय? एक छत्री ठेवायची खुंटी, तीही दुसऱ्या कारकुनाबरोबर वाटून.

कारखान्यात काय बनतं असं विचारलं की भावजी आवाज खाली करून म्हणायचे, "वैनी, ते सिक्रेट आहे."

"सिक्रेट कसलं? कँटीनमध्ये गुरुवारी काय असतं ते तर सगळ्या बेंगळुराला ठाऊक आहे."

"ते सिक्रेट नाही. गुरुवारी बिसीबेळे भात."

सरकारच्या धोरणांवर मला कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगायला पुष्कळ होतं. एकदा फर्मान निघालं की दागिने चौदा कॅरटचेच करायचे. आमच्या गल्लीतल्या सोनारानं भट्टी बंद केली आणि उदबत्त्या विकायला लागला. मी ह्यांना म्हटलं, मंगळसूत्र चौदा कॅरटचं, तर नवरा किती कॅरटचा चालेल, तेही सरकारनं एकदा छापून टाकावं. स्कूटर हवी तर नंबर लावा. टेलिफोन हवा तर नंबर लावा. मुलीच्या बारशाला नंबर लावला तर तिच्या डोहाळजेवणाला हाती येणार. आणि हे सगळं, बरं का, त्याच कारभारात चाललेलं, ज्यातल्या क्वार्टरमध्ये माझी जाऊ भिंतीतली कळ दाबून पंखा लावायची. बेंगळुरात पंखा! गारठ्यानं आम्ही सप्टेंबरात शाल पांघरतो.

आणि घरी काय, तर उठता-बसता अत्तेंच्या तोंडी धाकटीचं कौतुक. "तिच्याकडं पाणी ओढावं लागत नाही." "तिच्या ओट्यावर उभ्यानं भाकऱ्या होतात." विहिरीची घागर माझ्या कमरेवर असताना हे ऐकायचं. मी अठरा-वीस वर्षांची होऊन या घरात आले तेव्हापासून अत्तेंचं डोकं मी विंचरायची, त्यांच्या गुडघ्याला तेल मी लावायची, आणि गुण गायचे त्या नळाचे!

त्या वर्षी श्रावण संपता संपता अत्तेंनी एक गोष्ट काढली. आमच्याकडं दसऱ्याला घरात बाहुल्या मांडतात. इथल्या लोकांचा तो सणच, बोंबे म्हणतात. पायऱ्या करायच्या, पांढरं कापड घालायचं, सगळ्यात वर कलश आणि पट्टाचे राजा-राणी. ही रक्तचंदनाची जोडी मुलीला माहेरून मिळते. खाली देव, त्याखाली माणसं, वाणी-वाणीण, बाजार, आणि नाचणी उगवून केलेली हिरवीगार बाग. संध्याकाळी बायका-मुली घरोघर जातात, बाहुल्या बघतात, गाणं म्हणतात, कुंकू आणि उसळ घेऊन पुढच्या घरी. आमचे राजा-राणी अत्तेंच्या माहेरचे. काळेभोर, डोळे मात्र असे की रागावल्यासारखे. अत्तेंच्या लग्नानंतर त्या जोडीला सोडून त्या कुठल्याही दसऱ्याला राहिल्या नव्हत्या.

तर अत्ते म्हणाल्या, "माझं वय झालं. यंदा मी दोन्हीकडचं मांडणं बघते. मग राजा-राणी कुणाकडं ठेवायचे ते ठरवीन. आणि जिथं ते, तिथं मी."

माझ्या हातातली पळी आमटीत पडली. राजा-राणी जातील याचं दुःख होतंच, पण अत्ते? घरातनं अत्ते गेल्या तर दिवसभर मी बोलणार कुणाशी? ह्यांच्याशी? ते फाईलसारखे, वरनं सही असल्याशिवाय उघडत नाहीत.

मग मी जिवाचं रान केलं. धाकटी बेळगावाकडची. तिकडं बाहुल्या मांडायची पद्धत नाही, त्यामुळं ती काय मांडणार, असा मला धीर होता. मी त्या वर्षी रेशनचं दुकान मांडलं. दरवर्षीचे गुबगुबीत वाणी-वाणीण घेतले, त्यांच्यापुढं खऱ्या लाल गव्हाची रास ओतली, आणि उरलेल्या सगळ्या बाहुल्या, गवळणी, शिपाई, गारुडी, नवरा-नवरी, हातात पिशव्या देऊन रांगेत उभ्या केल्या. रांग पायरीवरनं उतरून जमिनीवर, जमिनीवरनं उंबऱ्यापर्यंत. गल्लीतल्या बायका हसून हसून लोळल्या. "अय्यो, हा तर आमचा रेशनचा सोमवार!" असं म्हणत एकीनं दुसरीला बोलावून आणलं. अत्तेसुद्धा हसल्या. मनात म्हटलं, जिंकले.

अष्टमीला आम्ही धाकटीकडं गेलो. दारातच ती म्हणाली, "या अक्का, दिवा घालवते हं, अंधारात बघायचंय," आणि खोली काळी केली. मग खट्ट झालं.

काळ्या कापडाचं आभाळ, त्यात बारके बारके दिवे लुकलुकताहेत. भावजींनी टाकाऊ तारा जोडून केलेले. मध्यावर उपडी परात, तिला राख आणि डिंक फासून खड्डे पाडलेले, आतनं दिवा. चंद्र! त्यावर लाकडाचं चंदेरी विमान आणि शेजारी कापसात गुंडाळलेली दोन माणसं. वरनं दोऱ्याला लटकून तिसरा गरगर फिरतोय, कारण खरे गेले तेव्हाही एकजण वरच घिरट्या घालत राहिला होता. एवढं सगळं तिनं पेपरात वाचून केलेलं.

"शाब्बास गं!" अत्ते म्हणाल्या. असं त्या माझ्या रेशनच्या रांगेला म्हणाल्या नव्हत्या.

मी काय करणार? जवळ जाऊन दोष शोधायला लागले. आणि मला दिसलं. शेपूट. त्या घिरट्या घालणाऱ्याच्या कापसातनं एक शेपूट बाहेर आलं होतं. मी खाली चंद्रावरच्या दोघांकडं नीट बघितलं. एकाचं पाऊल निळं!

"अगबाई," मी मोठ्यानं म्हटलं, अत्तेंना ऐकू जावं म्हणून, "हे तर राम-लक्ष्मण! आणि वर मारुती! देवांना कापसात कोंबून अमेरिकेचे केलेस होय?"

भावजी खोकले. धाकटीचा चेहरा पडलाच असणार, अंधारात दिसला नाही.

"आणि सीता कुठाय?"

"ती खालच्या पायरीवर आहे," धाकटी म्हणाली. "विमानात दोघांचीच जागा आहे."

खरंच, खाली, नाचणीच्या एवढ्याशा बागेत सीता एकटी बसलेली होती. दुसरं कुणी नाही. गवळण नाही, शिपाई नाही, वाणी नाही.

मी अत्तेंकडं बघितलं. आता देवांची विटंबना म्हणून त्या कडाडणार, याची मला खात्री होती. अत्ते म्हणाल्या, "रामाला काय, लंकेला जाऊन आला, चंद्रावर जाईल. मारुती तर लहानपणीच सूर्याकडं झेपावला होता. त्याला जवळच पडलं." मग धाकटीला विचारलं, "पण गं, दुसऱ्या बाहुल्या का नाही घेतल्यास?"

"माझ्याकडं आहेत कुठं अत्ते? हा चौघांचा संच तेवढा मी पेटेतल्या बाजारात घेतला. बाकी सगळ्या अक्कांच्याकडं."

वर मारुती फिरत होता. मग धाकटीनं दिवा लावला आणि उसळीच्या वाट्या आणल्या. मोठं पातेलं भरून उसळ होती. अत्तेंनी विचारलं, "बघायला येतात का गं बायका?"

"येतात की. शेजारची बंगालची आहे, पलीकडची केरळची. दिवे बघून 'व्हेरी नाइस' म्हणतात. गाणं कुणाला येत नाही."

अत्ते उठल्या, त्या उघड्याबोडक्या पायऱ्यांसमोर बसल्या आणि आपल्या चिरक्या आवाजात गाणं म्हणायला लागल्या. आमच्या घरातलं, अर्धं मराठी अर्धं कन्नड. धाकटी मागनं म्हणायला बघत होती, शब्द चुकवत होती. अत्ते थांबून तिला परत सांगत होत्या. मला एकदाही कधी शिकवलं नाही. माझं मीच ऐकून ऐकून उचललं होतं.

परत येताना बसमध्ये अत्ते खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. राजा-राणी कुठं जाणार ते मला तेव्हाच कळलं.

विजयादशमीच्या रात्री राजा-राणीला आडवं निजवतात, म्हणजे सण संपला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ह्यांच्या जुन्या धोतरात गुंडाळत होते. अत्ते म्हणाल्या, "वाणी-वाणीणही दे. आणि थोड्या गवळणी. रांगेतल्या पुढच्या चार-पाच."

"पुढच्याच का? मागच्या न्या. पुढच्यांनी बिचाऱ्यांनी सकाळपासनं नंबर लावलाय."

त्या हसल्या. मी नाही हसले. धोतराला गाठ मारत म्हटलं, "नळ आहे, पंखा आहे, दिव्याचा चंद्र आहे. जा बाई. इथं काय ठेवलंय!"

"नळासाठी जाते असं वाटतं होय तुला?" अत्ते म्हणाल्या. "नळ तर मला खोडकर वाटतो, मध्येच खाकरतो. ती पोर दिवसभर एकटी असते गं. तो शिफ्टवर. भांडायलासुद्धा कुणी नाही तिला. तुला काय, तुझी अख्खी गल्ली आहे. तुला माझी गरज नाही."

जटका, म्हणजे इथला टांगा, दारात आला होता. ह्यांनी अत्तेंची पेटी वर चढवली. अत्तेंनी धोतराचं गाठोडं मांडीवर घेतलं, लेकरू घ्यावं तसं. मी पायरीशी उभी.

एवढी वर्षं मी धाकटीच्या नळाचा हेवा केला, बसचा केला, बोनसचा केला. त्या दिवशी तिच्या एकटेपणाचाही केला. तेसुद्धा नेमकं तिलाच मिळालं होतं, आणि आयतं! मला गरज नाही असं अत्तेंना सांगितलं कुणी? घागर पडू दिली नाही, आमटी करपू दिली नाही, म्हणून?

"अत्ते," मी घोड्याच्या तोंडापुढं जाऊन उभी राहिले. "गुडघ्याला तेल कोमट करून लावायचं. तिला येणार नाही. दर रविवारी मी येईन."

"सरी, बरं तर," अत्ते म्हणाल्या, "पण भांडायला ये. कामाला नको."