तीच ओळ तीनदा

आमच्या चाकणच्या कंपनीत यमकाशिवाय ज्याचं पान हलत नसे असा एकच माणूस होता, तो म्हणजे पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमधले मामा. रजेचा अर्जसुद्धा ‘अंगात ताप, डोक्याला ताप, रजा द्या साहेब, मायबाप’ असा लिहायचे, आणि साहेब हसत हसत एक दिवस जास्तच द्यायचे. शिवाय प्रत्येक वाक्य तीनदा बोलायची खोड. प्रेसच्या धडधडाटात आयुष्य गेलेलं. एकदा बोललेलं समोरच्याला ऐकू जातं यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. कॅन्टीनमध्ये नुसतं मीठ मागायचे, पण असं तीनदा, की मीठ, लोणचं आणि शेजारच्याचा पापड असं सगळंच त्यांच्यापुढे सरकायचं.

मी ऑफिसातला, कंपनीच्या वार्षिक अंकाचा संपादक आणि वर मुक्तछंदात लिहिणारा. म्हणजे शिंगं फुटलेलीच होती. मामांनी एकदा वहीतली कविता उतरवून आणून दिली. तीन पाळ्या, तीन कडवी:

‘पहिली पाळी, कोंबड्याला रजा,
डबा भरलाय, जपून जा.
दुसरी पाळी, उन्हाची सजा,
डबा भरलाय, जपून जा.
तिसरी पाळी, जगाला मजा,
डबा भरलाय, जपून जा.’

ही परतपरत येणारी ओळ म्हणजे मामा कामाला निघताना मामींचं रोजचं वाक्य. मला वाटलं, एकदा सांगितलं की झालं, वाचक काही बहिरे नाहीत. पहिल्यांदा आलेली ओळ ठेवली, पुढच्या दोन उडवल्या. मामांना विचारायचीही तसदी घेतली नाही.

अंक निघाल्यावर महिन्याभरानं मामा रिटायर व्हायचे होते. निरोप समारंभाला मामींनाही घेऊन या म्हणून सांगायला मी पिंपळे गुरवला त्यांच्या घरी गेलो. मामी कॉटवर. वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली, हे मला तिथं कळलं.

“एवढी एकच ओळ येते तिला,” मामा म्हणाले. “आधीचा शब्द ऐकला की आपसूक निघते तोंडातनं.”

त्यांनी अंक उघडला. ‘रजा’ म्हणताच मामी जड जिभेनं म्हणाल्या, “डबा भरलाय, जपून जा.” मामा ‘सजा’ म्हणाले. मामींचे ओठ उघडले, पण मामा तिसऱ्या पाळीवर गेलेसुद्धा. ओठ तसेच मिटले.

वहीतली का वाचत नाही, असं मी विचारलं.

“ती चुकीची हाय न्हवं? तुमच्यासारख्या शिकलेल्यानं दोन ओळी काढल्या, म्हंजी आमचंच चुकलं असणार.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा तरी खरं बोलायचं! मी म्हणालो, ती छापखान्याची चूक, वहीतली कविता बरोबर आहे. मामांनी लगबगीनं वही काढली. मामींनी तिन्ही ओळी म्हटल्या.

निघताना मामा दारापर्यंत आले. “त्या छापखानेवाल्याला बोलू नका सर. चुकतं माणसाचं.”

नाही बोलणार, म्हणालो.

मामा आता मामींना घेऊन गावी असतात. खरं सांगून टाकावं म्हणून मी कधीमधी फोन लावतो. ते मामींची खुशाली सांगतात, माझ्या पोराबाळांची विचारतात. मी पावसापाण्याचं काहीतरी बोलतो आणि फोन ठेवून देतो.