शकूच्या गुडघ्याचं माप

दवाखान्यात लोक "औषध भरून ठेवा" म्हणून बाटली ठेवून जायचे आणि तेवढ्यात बरं वाटलं की फिरकायचेच नाहीत. मी कंपाउंडर. अशा बाटल्यांनी माझी फळी भरून गेलेली. कुणी मागायला येत नाही आणि फेकवतही नाहीत! आमच्या रविवारच्या कंपूचे किस्से असेच साठलेत माझ्याकडे. आज त्यातली एक फळी रिकामी करतो.

कंपू चौघांचा. पनवेलच्या शाळेत ड्रॉइंग शिकवणारे डॅनियल मास्तर, सहा फूट उंच आणि आवाज त्याहून उंच. बाजारातले इस्माईलभाई टेलर. पळस्प्याजवळच्या गावातला गोमा पाटील, भातशेतीवाला. आणि मी. शुक्रवार इस्माईलभाईंच्या नमाजाचा, मास्तर बेने इस्राएल, तेव्हा शनिवार त्यांच्या शब्बाथचा, म्हणून रविवारी डोंगर! त्यावर कुणाच्याच देवाची हरकत नव्हती.

*

आमच्यात कायदा एकच. डोंगरावर कुणी कुणाला उचलायचं नाही! हा कायदा इस्माईलभाईंच्या कृपेने झाला.

एकदा प्रबळगड उतरताना त्यांचा पाय मुरगळला. "या अल्ला, गेला पाय! आता मशीन कोण मारणार?" मास्तरांनी त्यांना पाठुंगळीला घेतलं. मास्तर दमले की गोमा, गोमा दमला की मी. अर्धा डोंगर हा गृहस्थ आमच्या पाठीवर बसून "जरा सावलीतून घ्या" म्हणत उतरला.

खालच्या वाडीत एका घरापुढे चुलीवर चहा उकळत होता. वास आला मात्र, इस्माईलभाई मास्तरांच्या पाठीवरून टुणकन उतरले आणि पळत सुटले! आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या हातात दुसरा कप.

"अहो, पाय?" मास्तर गरजले.

"पायाचं नंतर बघू, चहा निवतोय!"

त्याच अंगणात कायदा पास झाला. एकमताने. इस्माईलभाईंचं मत विचारलंच नाही.

*

आता शकूचं सांगतो. शकू माझी मुलगी, सहा वर्षांची. आदल्या वर्षी तिला मुदतीचा ताप आला आणि चांगला दीड महिना मुक्काम ठोकून राहिला. पोर वाचली. पण आमच्या हिने जी धास्ती घेतली ती घेतलीच! शकूला जमिनीवर पाय म्हणून टेकू देईना. देवळात कडेवर, बाजारात कडेवर. गल्लीतली पोरं तिला "कडेवरची" म्हणून चिडवायला लागली. डॉक्टर रोज कानीकपाळी ओरडायचे, "अहो, तिच्या पायांना काही झालेलं नाही! खाली ठेवा तिला!" पण ऐकतंय कोण?

जूनमध्ये तिला शाळेत घालायचं होतं. ही म्हणाली, "एवढं चालवणार नाही तिला. पुढच्या वर्षी बघू."

शकूने काही रडारड केली नाही. शांतपणे म्हणाली, "मी अण्णांबरोबर डोंगर चढून दाखवते."

ही माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच पढवलंय. मग म्हणाली, "ठीक आहे. स्वतःच्या पायांनी चढायचं, स्वतःच्या पायांनी घरात यायचं, आणि वाटेत रडायचं नाही. जमलं तर जूनमध्ये शाळा. कुणाच्या कडेवर बसून आली तर शाळा पुढच्या वर्षी, आणि तुमचे रविवारचे डोंगर कायमचे बंद!"

बाप रे! शकूची शाळा तर टांगणीला लागलीच, वर माझे रविवारही!

*

दुसऱ्याच दिवशी इस्माईलभाईंच्या दुकानात मीटिंग. विषय, शकूसाठी डोंगर.

इस्माईलभाई म्हणाले, "माथेरान! वर नानकटाई फर्स्ट क्लास मिळते."

"तिथे आगगाडी जाते," मी म्हटलं. "हिला तो डोंगर चालायचा नाही."

मास्तर म्हणाले, कर्नाळा. गोमा म्हणाला, "परबलगडाव न्या. आमची पोरं त रोज डोंगराव जातान गुरांमागं. येवरा इचार कनाला?"

भांडण जुंपलं. शेवटी इस्माईलभाईंनी टेप काढली. शकूला समोर उभं केलं, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि त्या मापाची बांबूची काठी कापली. "बास! ही काठी घेऊन डोंगर बघायचे. काठीपेक्षा उंच पायरी लागली की डोंगर कॅन्सल!"

काय सांगू, आम्हाला इतकं कौतुक वाटलं! असं शास्त्रशुद्ध काम पनवेलमध्ये त्याआधी झालं नसेल.

*

पहिला नंबर कर्नाळ्याचा. मी वाकून प्रत्येक दगडाला काठी लावायची, आणि दगड उंच निघाला की मास्तरांनी त्यावर खडूने फुली मारायची. निम्मा गडही झाला नव्हता तोच शाळेतले सगळे खडू संपले!

एवढ्यात वरून लाकडाची मोळी घेऊन एक बाई उतरत आली. फुल्या बघून थबकली. "मास्तर, सडक येते काय वर?"

"नाही हो बाई. एक मुलगी येणार आहे. सहा वर्षांची."

"मंग तिला फुल्या कनाला?"

मास्तरांनी काठी दाखवली, गुडघ्याचं शास्त्र समजावलं. बाईने मान डोलावली आणि मागे वळून हाक मारली. मागून तिचा मुलगा आला. चार वर्षांचा असेल नसेल, डोक्यावर काटक्यांची लहानशी मोळी. आमच्या एकेक फुलीवर पाय देत तो टणाटण उतरून गेला!

गोमा हसून हसून खालीच बसला. पण खरं सांगतो, माझी छाती झाली नाही. मी कर्नाळा कॅन्सल केला.

*

त्यानंतर तीन रविवार आम्ही तीन डोंगर नापास केले. एक उंच म्हणून, एक घसरडा म्हणून, आणि तिसऱ्यावर इस्माईलभाईंना माकडाने दात दाखवले म्हणून. मे उजाडला. शाळेत नाव घालायची वेळ आली. ही रोज विचारायची, "सापडला का डोंगर?" आणि असं हसायची की अंगाची लाही व्हायची!

चौथ्या रविवारी आम्ही माझ्या ओटीवर डोकी धरून बसलो होतो. गोमा तंबाखू मळत म्हणाला, "पोरीला इचारलं काय कोनी?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणीच विचारलं नव्हतं! महिनाभर चार घोडे डोंगर मोजत हिंडतायत आणि जिला चढायचं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

शकूला बोलावलं. "बाळ, तुला कुठला डोंगर हवा?"

"वरून समुद्र दिसतो तो," शकू ताबडतोब म्हणाली.

पाच मिनिटांत निकाल लागला. उरणचा द्रोणागिरी!

पुढल्या रविवारी आम्ही काठी घेऊन तो तपासून आलो. सगळा डोंगर पास. एकच कातळ काठीच्या बरोबर निघाला. इस्माईलभाई म्हणाले, "बरोबर म्हणजे पास!"

*

तो रविवार आला. एसटीने उरण, तिथून पायथा. शकूच्या पायात कॅनव्हासचे नवे बूट, गोमाच्या हातात पाण्याची बाटली, आणि माझ्या हातात ती काठी.

पोरगी काय चढली म्हणता! दम लागला की उभी राहायची, कमरेवर हात ठेवून खाली बघायची आणि पुन्हा निघायची. मीच मागून "सावकाश, सावकाश" म्हणून ओरडत होतो. शेवटी तीच म्हणाली, "अण्णा, तुम्ही बोलू नका, तुम्हाला धाप लागते."

आणि तो कातळ आला.

शकू समोर जाऊन उभी राहिली. कातळ तिच्या गुडघ्याच्या चांगला वर! मी काठी कातळाला लावली, बरोबर. शकूच्या पायाला लावली, तर काठी गुडघ्याच्या दोन बोटं वर!

"इस्माईलभाई! हे माप कुणाचं घेतलंत?"

इस्माईलभाईंचा चेहरा पडला. "कंपाउंडरसाहेब, तौबा! लहान पोराचं माप ना... हाताला सवय... वाढत्या अंगाचं घेतलं!"

फ्रॉक शिवावा तसा माणसाने गुडघा शिवला होता!

मास्तरांचे हात आपोआप पुढे झाले. "नको!" शकू ओरडली. कायदा तिला पाठ होता. माझ्या डोळ्यांपुढे हिचा चेहरा आला, शाळेचं दार आलं. एका हाताने उचलून वर ठेवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण शकूला कळलं असतं. मी हात मागे बांधले.

शकूने कातळाकडे पाठ केली. दोन्ही हात मागे टेकले, उडी मारून त्यावर बसली, पाय वर ओढून घेतले आणि उभी राहिली. आईची पाठ वळली की आमच्या दवाखान्यातल्या उंच बाकावर ती अशीच चढायची! फ्रॉकला मागे लाल माती, आणि तोंडभर हसू.

"आता तुम्ही या," म्हणाली.

इस्माईलभाईंना तो कातळ चढायला आम्हाला खालून ढकलावं लागलं. हे उचलण्यात मोडत नाही, असं मास्तरांनी जाहीर केलं.

*

माथ्यावर पोचलो. समोर समुद्र, डाव्या अंगाला करंजाची खाडी, उजवीकडे मोऱ्याच्या धक्क्यावरून सुटलेली मुंबईची लाँच. शकू बोट करून एकेक होडी मोजत होती. ही तीच पोर, जी वर्षापूर्वी माझ्या मांडीवर डोळे फिरवत होती.

मागून हुंदका ऐकू आला. बघतो तर डॅनियल मास्तर! सहा फुटी माणूस, घळाघळा रडतोय.

"मास्तर, रडायचं नाही ना!" शकू दटावून म्हणाली.

"अट तुला आहे! मला कुणी घातलीय?" असं म्हणून मास्तर आणखी मोठ्याने रडले.

*

संध्याकाळी पनवेलच्या स्टँडवर उतरलो. तिथून घर हाकेच्या अंतरावर, पण त्या दिवशी शकूने मुद्दाम बाजारातून लांबचा रस्ता घेतला. मधोमध चालत! तिला कडेवरची म्हणणारी पोरं ओट्यांवरून बघत होती. मागे आम्ही चौघे, वरातीसारखे.

दारात ही उभी. दुपारपासून तिथेच होती म्हणे. शकू उंबरा ओलांडून आत गेली आणि म्हणाली, "आई, पाय फार दुखतायत. पाणी तापव."

"बघा!" ही माझ्यावर कडाडली. "सांगत नव्हते मी? ये गं राणी, ये..." आणि दोन्ही हात पसरून पुढे झाली.

"माझे नाही गं," शकू म्हणाली. "इस्माईलचाचांचे."

हिने वळून पाहिलं. इस्माईलभाई पायरीवर बूट काढून कण्हत बसले होते. हिने पसरलेले हात खाली घेतले. आत गेली, पाणी तापत ठेवलं, आणि चुलीपुढे बसून पदराने डोळे पुसताना मी तिला पाहिलं. सोमवारी सकाळी तीच शकूचं बोट धरून शाळेत नाव घालून आली. बोट धरून बरं का!

*

पुढच्या रविवारी सकाळी कंपू ओटीवर हजर. मी बुटाची नाडी बांधतोय, शकू बाटली भरतेय. आतून ही आली. पदर खोचलेला, पायात माझे जुने कॅनव्हासचे बूट, हातात भाकरीचं गाठोडं.

"मी पण येते," म्हणाली.

मास्तर गोमाकडे बघतायत, गोमा माझ्याकडे. इस्माईलभाईंनी तर आपले पाय पोटाशी घेतले.

शकूने बाटली खाली ठेवली. आईभोवती एक चक्कर मारली, तिच्या बुटांकडे नीट पाहिलं, आणि फार समजूतदारपणे म्हणाली,

"आई, तू पुढच्या रविवारी ये हं. आज आम्ही तुला झेपेल असा डोंगर बघून येतो!"