व्याह्यांनी पाहून आणलेली सायकल

ऐक पोरी, फोन धरून नीट बस. तू पुण्यात नि मी अमरावतीत, नाहीतर आधी कानच धरला असता. रोज लांबच्या ऑफिसला जायला आणि सुट्टीत गावोगाव भटकायला सायकल घेतेस, फार चांगलं. पण मोबाईलवर चित्र पाहून ऑर्डर देऊन मोकळी झालीस? अगं, आपण वांगंसुद्धा हातात घेऊन दाबून पाहतो. सायकल कशी निवडावी हे उभ्या वऱ्हाडात एकाच माणसाला कळलं, आणि तो माणूस म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, आमचे अकोल्याचे व्याही.

व्याही कृषी सहाय्यक होते. राहायला अकोल्यात, नोकरी बार्शीटाकळीकडे, आणि सारी नोकरी त्यांनी एका काळ्या जड सायकलवर केली. एसटीशी वैर. "एस्टीत मानूस पोचते, जात नाई," असं म्हणायचे. जाता जाता कुणाच्या तुरीवर अळी पडली, कुणाची विहीर आटली, कुणाकडे सून रुसली, सगळं त्यांना ठाऊक. आमच्या लेकीच्या लग्नाच्या बोलणीलाही इतर मंडळी जीपने आली आणि व्याही मागून सायकलवर. दारात उतरल्यावर पाणी मागितलं नाही, फडकं मागितलं. बसून चेन पुसली, चाकं पुसली, मग हात धुऊन बैठकीत आले. माझा भाऊ कानात म्हणाला, असल्या घरी पोरगी देतेस? मी म्हटलं, जो माणूस सायकलीला असं जपतो तो सुनेला टाकून बोलणार नाही. आजपर्यंत बोलले नाहीत.

निवृत्तीला टेकले आणि डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. समोरचं बराच काळ दिसेल, पण दोन्ही बाजूंचं हळूहळू जात राहील. घरात सगळे एका सुरात म्हणाले, सायकल बंद. व्याही काही तणतणले नाहीत. विहीणबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एवढंच म्हणाले, "ज्या दिवशी बाजूचं दिसनार नाई त्या दिवशी मीच उतरतो, तुले सांगा लागनार नाई. तोवर मले सगळ्याइले भेटून येऊ दे." सगळे म्हणजे सोयरे, जुने मित्र, ज्याच्या त्याच्या दारात जाऊन, डोळे आहेत तोवर. काळी सायकल आता एवढ्या लांबची राहिली नव्हती. नवी हवी होती, आणि ती पहिल्या फटक्यात बरोबर निघायला हवी होती. चूक करून दुसरी घ्यायला वेळ कुठे होता?

मग व्याही बैल घ्यायला जावं तसे दुकानात गेले. सोबत तुरीचं लहान पोतं. आधी दुकानदाराला सायकल रिकामी चालवायला लावली आणि स्वतः डोळे मिटून तिचा आवाज ऐकला. वाकड्या शिंगांची रेसची सायकल नापास. म्हणाले, मान खाली घालूनच जायचं तर रस्ता काय अंगठ्यानं पाहू? डोंगरातली जाड टायरची डांबरावर भुंग्यासारखी घुमते, तीही नापास. शेवटी दुकानदार म्हणाला, काका, मग हायब्रीड घ्या. जन्मभर हायब्रीड ज्वारीचं बियाणं वाटलेल्या माणसाला हसूच आलं. पण बसून पाहिल्यावर हसू थांबलं. सरळ दांडा, पाठ ताठ, टायर मध्यम, चढाला हलके गिअर. फक्त तिला स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटीसुद्धा नाही. "काहून गा, लेकीले बिना भांड्याकुंड्याची धाडता का सासरी?" असं विचारून त्यांनी सगळं बसवून घेतलं, वर दोन आरसे. मग कॅरिअरला पोतं बांधलं आणि पुलाच्या उतारावरून सुसाट सोडून ब्रेक दाबले. दुकानदार मागे धावत होता. म्हटलं तिथे ती थांबली, तेव्हा कुठे पसंत.

चुकले एकाच गोष्टीत. सीट हौसेनं रुंद नि गुबगुबीत घेतली, उशीसारखी. बार्शीटाकळीला जाऊन आले आणि त्या रात्री ओट्यापाशी उभ्यानं जेवले. उभ्यानं पचते चांगलं, असं बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गुपचूप अरुंद सीट आली.

आणि मग काय फिरले हो! पार मेळघाटात सेमाडोहला मित्राकडे गेले, तो घाट चढून. या वयात. मित्र सांगत होता, सकाळभर नदीकाठी सागाकडे तोंड करून बसले. फोटो काढू का विचारलं तर म्हणाले, "नोको. पाठ करून राह्यलो."

मग आमची पाळी. मी मांडे केले. जेवायची वेळ टळली, दुपार कलली, मी ओसरीतून रस्ता पाहत होते. तेवढ्यात फाटकाशी दिसले, सायकल हाताने धरून चालत. मूर्तिजापूरजवळ डावीकडून बकरी आली ती त्यांना दिसलीच नाही, एकदम चाकापुढेच. ब्रेकनं शब्द राखला, बकरी निघून गेली. पण व्याही उतरले ते पुन्हा बसले नाहीत. स्टेशन गाठलं, सायकल गाडीत चढवली, बडनेऱ्याहून घरापर्यंत पायी आले. गार मांडे चवीनं खाल्ले. हात धुऊन म्हणाले, "विहीनबाई, सायकल तुमच्या इथंच राहू द्या. घरी दिसली तं मन होईन." मी फडकं आणून दिलं. त्यांनी ती पुसली.

आता ते एसटीने येतात. विहीणबाई खिडकीशी बसून बाहेर काय काय चाललं ते सांगत येतात. आल्या आल्या व्याही टायरची हवा दाबून पाहतात, मग चहा. तिला चालवणारं कोणी पाहा म्हणतात, पण आलेल्या तिघा-चौघांना त्यांनीच नापास केलं. एकाने ब्रेक न पाहताच टांग टाकली म्हणून.

तेव्हा ती ऑर्डर रद्द कर आणि इकडे ये, मी व्याह्यांनाही बोलावते. त्यांच्याएवढीच उंच आहेस तू. तुरीचं पोतं बांधून चालवायला लावतील, चालव मुकाट्यानं. मी ओसरीत त्यांची खुर्ची मांडीन, आणि तू गल्लीच्या टोकापासून अगदी सरळ त्यांच्याकडे चालवत ये. लवकर ये गं. समोरचं अजून दिसतं त्यांना.